फोनचं स्टोरेज वाढवायचंय? मेमरी आयसी बदलण्याआधी, बदलताना आणि बदलल्यावर

१२८ जीबीच्या फोनमधली मेमरी आयसी (फोनचा सगळा डेटा साठवणारी चिप) काढून तिथे ५१२ जीबीची बसवता येते. जुनी उतरवायची, नवी चढवायची, सिस्टिम पुन्हा टाकायची, ऐकायला एवढंच. व्हिडिओंमध्येही गरम हवेखाली आयसी अलगद सुटताना दिसते आणि बघणाऱ्याला वाटतं, हात स्थिर असला की झालं. माझ्या पाहण्यात मात्र असे फोन सोल्डरिंगपायी कमी मेले. जुन्या आयसीत त्या फोनची ओळख लिहिलेली असते. ती न वाचता, न जपता आयसी उडवली म्हणून जास्त मेले. त्यामुळे या लेखात हवेच्या तापमानापेक्षा वाचणं, जपणं आणि तपासणं यांवर जास्त भर आहे.

मायक्रोस्कोपखाली हात बसलेला असेल तर हे काम स्वतः करता येईल. आजवर फक्त बॅटरी किंवा डिस्प्ले बदललेल्यांनी आधी भंगारातले बोर्ड घ्यावेत, त्यांवर आयसी काढून-लावून बघाव्यात आणि मगच चालत्या फोनला हात घालावा. काम दुसऱ्याकडे द्यायचं असेल तरी शेवटपर्यंत वाचा, म्हणजे देताना काय विचारायचं ते कळेल.

खरंच गरज आहे का?

फोनला मेमरी कार्डाची खाच असेल तर फोटो-व्हिडिओ तिकडे हलवा. अँड्रॉइड ६.० पासून काही फोनांत कार्ड अंतर्गत स्टोरेजसारखंही वापरता येतं, फक्त कार्ड चांगलं हवं. ओटीजी पेन ड्राइव्ह आणि क्लाउड हे पर्याय आहेतच. बोर्ड उघडला की वॉरंटी संपली आणि पाणी अडवणारी चिकटपट्टीही तुटली, हे गृहीत धरा.

तरीही दोन वेळा हे काम करण्याजोगं असतं. एक, फोन बाकी उत्तम आहे आणि फक्त जागा कमी पडते. दोन, आयसीच झिजली आहे. फ्लॅश मेमरीवर ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतं. त्यानंतर फोन अडखळतो, मध्येच बंद पडतो, लोगोवर अडकतो. या झिजेचा सर्वांत गाजलेला किस्सा फोनचा नाही, गाडीचा आहे: २०२१ मध्ये टेस्लाला सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण पडद्यामागच्या संगणकातली ८ जीबीची ईएमएमसी (फ्लॅश मेमरीची एक जात) सततच्या लिखाणाने झिजत होती. फोनमध्येही फ्लॅश मेमरीच असते. छोटी आयसी कायम काठोकाठ भरलेली असली की झीज आणखी लवकर होते.

किती मोठी आयसी घ्यायची हे व्हिडिओवरून ठरवा. ४के, ६० फ्रेमचं एचईव्हीसी (फाइल लहान ठेवणाऱ्या पद्धतीचं) चित्रण मिनिटाला सुमारे ४०० एमबी खातं, म्हणजे तासाला २४ जीबी. असं चित्रण न करणाऱ्याला २५६ जीबी पुष्कळ होतात. मिळते म्हणून १ टीबी घेऊ नका. त्या फोनच्या कुठल्या तरी अधिकृत मॉडेलमध्ये जी क्षमता आली होती, तिथपर्यंत जाणं सर्वांत निर्धोक. त्यापुढे गेलात तर तो प्रयोग आहे हे धरून चाला.

आयसी निवडताना

आयफोन आणि अँड्रॉइड इथेच वेगळे होतात. आयफोन ६एस (२०१५) पासून आयफोनचं स्टोरेज एनव्हीएमई (संगणकाच्या एसएसडीतल्या) पद्धतीने बोलतं आणि त्याची आयसी अ‍ॅपलसाठीच बनवलेली असते. बाजारातली साधी यूएफएस (अँड्रॉइड फोनांतली वेगवान मेमरी) तिथे चालत नाही. आयफोनची आयसी आयफोनच्याच पिढीनुसार घ्यावी लागते, कारण आयसीखालच्या सोल्डरच्या ठिपक्यांची मांडणी पिढीगणिक बदलत गेली आहे. ‘सगळ्या मॉडेलना चालेल’ असं विकणारा सांगत असेल तर तिथून उठा.

अँड्रॉइडमध्ये तीन-चार जाती भेटतात. जुन्या आणि स्वस्त फोनांत ईएमएमसी, त्यावरच्यांत यूएफएस, आणि पुष्कळ मध्यम फोनांत मेमरी व रॅम एकाच पाकिटात, म्हणजे ईएमसीपी किंवा यूएमसीपी. सॅमसंगच्या आयसीवर पहिली अक्षरं वाचली की बरंच कळतं. केएलएम म्हणजे ईएमएमसी, केएलयू म्हणजे यूएफएस. पुढच्या दोन अक्षरांत क्षमता असते: बीजी ३२, सीजी ६४, डीजी १२८, ईजी २५६ जीबी. केएलयूडीजीच्या जागी केएलयूईजी लावली की १२८ चे २५६ झाले.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला, ईएमएमसी आणि यूएफएस दोन्ही १५३ बॉलच्या (म्हणजे सोल्डरच्या ठिपक्यांच्या), ११.५ बाय १३ मिलिमीटरच्या पाकिटात मिळतात. ठिपके जुळलेले दिसतात, पण आतली भाषाच वेगळी: एक आठ तारांवर समांतर बोलते, दुसरी जोडतारांवर क्रमाने. ईएमएमसीच्या बोर्डावर यूएफएस चालणार नाही, कितीही नीट बसवा. दुसरा खड्डा यूएफएसच्या पिढ्यांचा. २.१ पर्यंत मुख्य पुरवठा २.७ ते ३.६ व्होल्टचा असे, ३.० पासून २.५ व्होल्टच्याही आयसी आल्या, आणि दुसऱ्या पुरवठ्याची गणितंही बदलली. वेगाच्या मोहाने २.१ च्या फोनमध्ये ३.१ ची आयसी लावू नका. बोर्ड जेवढा वेग देतो तेवढाच मिळणार, आणि व्होल्टेज चुकलं तर आयसी जाणार.

ईएमसीपी, यूएमसीपी बदलताना रॅमही बदलते, म्हणून काम जास्त नाजूक. मीडियाटेक प्रोसेसरच्या फोनांत प्रीलोडरमध्ये (फोन उठताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालणाऱ्या मेमरींची यादी असते. यादीत नसलेली आयसी लावली तर फोन उठतच नाही. आधी त्याच फोनच्या मोठ्या मॉडेलमध्ये कुठला भाग क्रमांक वापरला होता ते शोधा आणि तोच घ्या.

नवी की वापरलेली? भंगार फोनांतून उतरवून, नवे बॉल लावून ‘नवी’ म्हणून खपवलेल्या आयसी भरपूर फिरतात. चकाकी बघून ओळखू येत नाही, वाचून येते. प्रोग्रॅमरच्या (आयसी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्राच्या) सॉकेटमध्ये घालून आरोग्याचे रकाने बघा. ईएमएमसीच्या एक्स्ट सीएसडी नोंदीत २६८ आणि २६९ या जागी झिजेचा अंदाज असतो: ०१ म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत वापर, ०२ म्हणजे वीसपर्यंत, ०बी म्हणजे आयुष्य संपलं. २६७ मध्ये राखीव जागा किती उरली याचा इशारा असतो. यूएफएसमध्येही अशीच आरोग्याची नोंद वाचता येते. ०१ पेक्षा जास्त दिसलं तर ती आयसी नवी नाही, एवढं नक्की.

वापरलेल्या आयसीचा त्याहून मोठा धोका म्हणजे आरपीएमबी. हा आयसीतला एक कुलूपबंद कप्पा असतो. त्याची ३२ बाइटची किल्ली एकदाच लिहिता येते, पुसता येत नाही. जुन्या फोनच्या प्रोसेसरने किल्ली लिहून टाकली असेल तर तुमच्या फोनला तो कप्पा कधीच उघडणार नाही. मग फोन सुरू होतो, पण फिंगरप्रिंट नोंदवला जात नाही, स्क्रीन लॉक टिकत नाही, पेमेंटची अ‍ॅपं रुसतात. काही फोन तर सुरूच होत नाहीत. म्हणून अँड्रॉइडसाठी किल्ली न लिहिलेलीच आयसी घ्या. एवढं करूनही काही फोन कोऱ्या आयसीत आपोआप किल्ली लिहितात आणि काही ते काम फक्त कारखान्यात करतात. तुमच्या मॉडेलवर हे काम कुणी यशस्वी केलंय का, हे आयसी मागवण्याआधी शोधा.

फोन उघडण्याआधी

बॅकअप घ्या. आयफोनचा संगणकावर, पासवर्ड लावलेला. पासवर्ड लावून घेतला तरच आरोग्याची माहिती आणि साठवलेले पासवर्डही येतात. अँड्रॉइडमध्ये फोटो, संपर्क आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप वेगवेगळा तपासा. ऑथेंटिकेटरचे कोड दुसऱ्या फोनवर हलवा. बँकेची अ‍ॅपं नव्याने नोंदवावी लागतील हे धरा. मग आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद करा आणि अँड्रॉइडवरून गूगल खातं काढा. नाहीतर आयसी बदलल्यावर फोन जुना मालक मागत बसेल.

जुनी आयसी बिट-बिट नक्कल करून नव्यात टाकली की डेटाही येईल, असं काहींना वाटतं. आयफोनचा डेटा प्रोसेसरमध्येच कोरलेल्या किल्लीने कुलूपबंद असतो, आणि अँड्रॉइड १० सह बाजारात आलेल्या फोनांत फाइलनिहाय कूटबंदी (एन्क्रिप्शन) सक्तीची आहे. त्यामुळे डेटा बॅकअपमधून येणार, असंच समजून चाला. फोन आधीच मेलेला असेल आणि डेटा हवा असेल तर हे काम करूच नका. ती डेटा रिकव्हरी झाली, आणि तिचा पहिला नियम आयसीला हात न लावण्याचा आहे.

ओळख वाचून ठेवा

आयफोनच्या आयसीत सिसकॉन्फिग नावाचा भाग असतो: सिरीयल क्रमांक, मॉडेल क्रमांक, वाय-फाय आणि ब्लूटूथचे पत्ते, कॅमेरा-सेन्सरच्या जुळण्या. नव्या आयसीत हे नसलं तर फोन अ‍ॅक्टिव्हेट होत नाही, किंवा वाय-फाय मरतं. जेसी पी७, पी१३ यांसारख्या नँड (फ्लॅश मेमरी) प्रोग्रॅमरने आयसी उतरवल्यावर ते वाचता येतं. काही मॉडेलांत डीएफयूमधून (संगणकाला जोडून दुरुस्ती करण्याच्या मोडमधून), आयसी बोर्डवर असतानाच वाचता येतं. शक्य असेल तिथे तेच आधी करा. फाइल दोन ठिकाणी साठवा. शिवाय ‘अबाउट’ पानाचे फोटो काढून ठेवा. वाचलेलं आणि फोटोतलं जुळतंय ना, हे ओळ-ओळ लावून बघा.

अँड्रॉइडमध्ये हेच काम पार्टिशन, म्हणजे आयसीतले वेगळे पाडलेले भाग, करतात. क्वालकॉम प्रोसेसरवर मोडेमएसटी१, मोडेमएसटी२, एफएसजी आणि पर्सिस्ट, सॅमसंगवर ईएफएस, मीडियाटेकवर एनव्हीरॅम, एनव्हीडेटा आणि प्रोइन्फो. आयएमईआय, रेडिओची जुळवणी, डीआरएमच्या (चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या व्यवस्थेच्या) किल्ल्या यांत असतात. यूएफआय बॉक्स किंवा ईझीजेटॅग प्लस अशा यंत्राने संपूर्ण आयसीची प्रत घ्या. फक्त निवडक पार्टिशन नकोत, सगळी घ्या. आयएमईआय तोच परत लिहायचा, दुसरा नाही. तो बदलणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे, आणि चोरीच्या फोनांचा धंदा त्यावरच चालतो.

आयसी उतरवणं

इथून पुढचं लिहून शिकवता येतं त्यापेक्षा हाताने जास्त कळतं, म्हणून फक्त जिथे लोक अडखळतात तेवढंच सांगतो.

बॅटरी सगळ्यात आधी सोडवा. आयफोन एक्सपासून बहुतेक आयफोनांचा बोर्ड दोन थरांचा असतो (एक्सआर त्यातून सुटला), आणि बऱ्याचदा ते थर आधी वेगळे करावे लागतात. त्यासाठी त्या मॉडेलचा हीटिंग प्लॅटफॉर्म घ्या. गरम हवेने अंदाजे सोडवायला गेलात तर मधली चौकट वाकते.

आयसीच्या कडेला काळा गोंद असतो. साधारण दोनशे अंशाच्या हवेखाली तो मऊ करून पातळ पात्याने कडेकडेने खरवडा. आतल्या बाजूला रेटू नका. शेजारचे कपॅसिटर मिठाच्या दाण्याहून लहान असतात आणि गोंदासोबत निघून येतात. प्रोसेसरच्या डोक्यावर रॅम रचलेली असते, म्हणून त्यावर धातूची पट्टी आणि उष्णता सोसणारी कापटन टेप लावून झाका. खालून प्रीहीटरने बोर्ड शंभर ते दीडशे अंशांवर आणलात तर वरून कमी हवा पुरते. शिसंविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं. गरम हवेच्या स्टेशनवर लावलेलं ३५०-३८० हे हवेचं तापमान असतं, बोर्डाचं नाही. चिमट्याच्या टोकाने आयसीला हलकेच डिवचा. ती तरंगल्यासारखी हलून पुन्हा जागेवर आली की सोल्डर पूर्ण वितळलं. त्याआधी उचललीत तर पॅड (बोर्डावरचे धातूचे ठिपके) उखडून येतात.

सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या कोरीव) यंत्राने आयसी घासून उडवण्याची पद्धतही आहे. बोर्डाला उष्णता लागत नाही आणि काम पटकन होतं, म्हणून दुकानांत ती आवडते. मला ती या कामासाठी पटत नाही. घासल्यावर जुनी आयसी उरतच नाही. सिसकॉन्फिग अपुरं वाचलं गेलं, नवी आयसी सदोष निघाली, तर मागे जायला काहीच नाही. जुनी आयसी शाबूत उतरली की ती स्वच्छ करून, फोनचं नाव लिहून, अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा. रिस्टोअर होण्याआधी काहीही बिनसलं तर ती परत लावून फोन होता तसा करता येतो. रिस्टोअर झाल्यानंतर मात्र जुन्या आयसीतला डेटा उघडेल असं धरू नका. नव्या फोनांत किल्ल्यांचा काही हिशेब प्रोसेसरच्या बाजूलाही असतो.

नवी आयसी तयार करणं आणि चढवणं

आयफोनची नवी आयसी प्रोग्रॅमरवर आधी पूर्ण पुसा, मग जुनीतून वाचलेली ओळख तिच्यात लिहा आणि लगेच परत वाचून पडताळा. यूएफएसमध्ये आणखी एक पायरी: कोऱ्या आयसीला कप्पे पाडावे लागतात. त्यांना एलयूएन म्हणतात. कुठल्या कप्प्यातून बूट व्हायचं तेही सेट करावं लागतं. वापरलेल्या आयसीत ही मांडणी कधी कधी कायमची बंद केलेली असते, आणि ती बदलता येत नाही. ईएमएमसीत बूट पार्टिशनचा आकार आणि बूटची सेटिंग जुन्या आयसीच्या प्रतीप्रमाणे ठेवा.

बोर्डावरचे पॅड स्वच्छ करताना जुन्या सोल्डरवर थोडं शिशाचं सोल्डर फिरवा, म्हणजे ते कमी तापमानाला सुटतं. मग विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या पट्टीने) उचला. विक ओढू नका, दाबू नका. गरम असतानाच उचला. राहिलेला गोंद आणि फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मायक्रोस्कोपखाली प्रत्येक पॅड बघा. उखडलेला पॅड दिसला तर तो कुठे जातो ते बोर्डच्या नकाशात शोधा. काही ठिपके रिकामेच असतात, त्यांची काळजी नको.

रीबॉलसाठी (आयसीखाली नवे बॉल लावण्यासाठी) मी १८३ अंशांचं शिशाचं सोल्डर वापरतो. १३८ अंशांचं बिस्मथचं सोल्डर सोपं पडतं, पण जोड ठिसूळ होतो आणि खाली पडणारा फोन ते फार काळ सोसत नाही. शेजारचा प्रोसेसर २१७ च्या सोल्डरवर बसलेला असतो, त्यामुळे १८३ ला काम उरकलं तर तो जागचा हलत नाही. बरेच दिवस उघड्यावर पडलेली आयसी ओल धरते आणि गरम करताना आतून फुगू शकते. अशी आयसी आधी ओव्हनमध्ये वाळवून घ्या.

बसवल्यावर लगेच चालू करू नका. बोर्ड पूर्ण थंड होऊ द्या. मल्टिमीटर डायोड मोडवर लावून आयसीच्या पुरवठ्याच्या ओळी शॉर्ट नाहीत ना बघा. मग डीसी सप्लाय जोडा. बटण न दाबता सुईने करंट दाखवला तर थांबा, कुठेतरी शॉर्ट आहे.

सिस्टिम टाकणं

आयफोन डीएफयूमध्ये घालून संगणकावरून रिस्टोअर करा. ९, ४००५, ४०१३ किंवा ४०१४ ही त्रुटी आली तर फोनचा संगणकाशी संबंध मध्येच तुटला असा त्याचा अर्थ. आधी केबल, पोर्ट आणि संगणक बदला. दुसऱ्या संगणकावरही त्याच टक्क्याला अडकला, तर आयसीचा जोड किंवा आयसीच बिघडलेली आहे.

अँड्रॉइडवर कंपनीचं मूळ फर्मवेअर टाका. क्वालकॉमवर ईडीएल मोडमधून, मीडियाटेकवर बीरॉममधून; सिस्टिम नसतानाही फर्मवेअर टाकता येण्याची ही सोय. यूजरडेटा हे पार्टिशन बहुतेक वेळा शेवटचं असतं आणि फ्लॅश करताना ते उरलेली जागा घेतं. जुनी पूर्ण प्रत जशीच्या तशी टाकलीत तर नव्या आयसीतली वाढीव जागा रिकामी पडून राहील. तिथे पार्टिशन टेबल वाढवावा लागतो. त्यानंतर ओळखीची पार्टिशन परत लिहा, आणि मगच सिम घालून नेटवर्क तपासा.

तपासणी

सेटिंगमध्ये ‘२५६ जीबी’ दिसलं म्हणजे काम झालं असं समजू नका. विंडोज संगणक २५६ जीबीचे सुमारे २३८ दाखवेल. तो मोजणीतला फरक आहे, फसवणूक नाही. खरी परीक्षा भरून वाचण्याची. मोठ्या फाइली टाकत फोन जवळजवळ भरा, मग त्या परत संगणकावर घ्या आणि चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा. एकही फाइल वेगळी निघाली तर आयसी परत करा. त्याच वेळी फोन किती तापतो आणि शेवटच्या टप्प्यात वेग किती पडतो तेही बघा. भरत आल्यावर वेग थोडा घसरतो. थबकून राहिला तर आयसीवर संशय घ्या.

मग वाय-फाय, ब्लूटूथ, कॉल, फेस आयडी किंवा फिंगरप्रिंट, सगळे कॅमेरे. सिरीयल आणि आयएमईआय आधीच्या फोटोशी ताडून बघा. अँड्रॉइडवर वाइडवाइनची (गूगलच्या डीआरएमची) पातळी एल१ वरून एल३ वर घसरली असेल तर चित्रपटांची अ‍ॅपं एचडीत चालणार नाहीत. पर्सिस्ट किंवा आरपीएमबीचं काम राहिलंय असं समजा. फोन बंद करून पुन्हा चालू करा, आणि थंड झाल्यावर परत एकदा. कच्चा जोड गरम असताना चालतो आणि थंड झाल्यावर सुटतो, म्हणून ही शेवटची पायरी गाळू नका.

बंद करताना नवी चिकटपट्टी लावा, पण फोन पाण्यात चालेल असं कुणाला सांगू नका. पुढे विकलात तर आयसी बदललेली आहे हे घेणाऱ्याला सांगा. कारखान्यातली नोंद तपासली की जुनी क्षमता निघते, आणि मग चोरीचा माल समजून व्यवहार फिसकटतो.

काम दुसऱ्याला देत असाल तर एवढं विचारा: आयसी कुठल्या भाग क्रमांकाची, तिची आरोग्याची नोंद दाखवाल का, जुनी आयसी घासणार की उतरवणार, आणि ती मला परत मिळेल का, ओळखीची फाइल माझ्याकडे द्याल का. या सगळ्यांवर ‘काळजी करू नका’ एवढंच उत्तर आलं तर फोन देऊ नका.